न्यूट्रोफिल काढले, सूज उतरली. मग संधिवाताचं मूळ न्यूट्रोफिलच का?

न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्यांच्याबद्दल एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "टाइप-२ कोलॅजेन टोचून संधिवात घडवलेल्या उंदरांना आम्ही अँटी-जीआर-१ प्रतिपिंड दिलं. न्यूट्रोफिल कमी झाले आणि पंजांची सूज बरीच उतरली. मग स्वयंप्रतिकारक संधिवातात न्यूट्रोफिल हीच मुख्य पेशी असं म्हणता येईल का? टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज यांचं स्थान मग कुठे? आणि पुढचा प्रयोग कोणत्या मॉडेलमध्ये करावा?"

एवढ्या निकालावर तसं म्हणता येणार नाही. निकाल खरा आहे, पण तो आजाराच्या एका टप्प्याबद्दल सांगतो आणि तुम्ही विचारताय संपूर्ण आजाराबद्दल. उत्तर लांबेल, कारण या विषयातले बहुतेक वाद नेमके याच फरकातून उभे राहिले आहेत.

आधी तुमच्या हातातल्या प्रतिपिंडाचं बघू. अँटी-जीआर-१ म्हणून सर्रास वापरला जाणारा क्लोन (प्रतिपिंडाचा एक ठरावीक वाण) आरबी६-८सी५ हा न्यूट्रोफिलवरच्या एलवाय६जी रेणूला चिकटतो, पण एलवाय६सी रेणूलाही चिकटतो. एलवाय६सी दाहक मोनोसाइटवर भरपूर असतो आणि काही टी पेशींवरही असतो. म्हणजे तुम्ही फक्त न्यूट्रोफिल काढलेत असं खात्रीने सांगता येत नाही. १ए८ हा क्लोन फक्त एलवाय६जी ओळखतो, म्हणून तो जास्त नेमका. त्याचीही एक अडचण आहे. काही जातींच्या उंदरांत, विशेषतः सी५७बीएल/६ मध्ये, तो न्यूट्रोफिल पूर्ण संपवत नाही. उरलेल्या पेशींवरचा एलवाय६जी त्याच प्रतिपिंडाने झाकला जातो, आणि मग फ्लो सायटोमेट्रीत (पेशी रंगवून एकेक मोजण्याच्या तंत्रात) एलवाय६जी वर गेट लावला, म्हणजे तो दिसणाऱ्याच पेशी निवडल्या, की पेशी नाहीतच असं वाटतं. म्हणून मोजणी दुसऱ्या खुणेवर करा किंवा पेशी सच्छिद्र करून आतला एलवाय६जी रंगवा. हे तपासल्याशिवाय पुढचा युक्तिवाद उभाच राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. कुठल्याही मॉडेलचा निकाल समोर आला की मी पहिल्यांदा एकच विचारतो: आजाराचे कोणते टप्पे या मॉडेलने आधीच उरकून दिले आहेत? संधिवात घडतो तो टप्प्याटप्प्याने. आधी लसिका ग्रंथींमध्ये सहनशीलता (स्वतःच्याच शरीरावर हल्ला न करण्याची शिस्त) मोडते, टी पेशी स्वतःच्याच प्रथिनाला ओळखू लागतात आणि बी पेशींना मदत करतात. मग प्रतिपिंडं सांध्यापर्यंत पोचतात आणि तिथे दाह पेटतो. पुढे तो दाह टिकतो, सायनोव्हियम (सांध्याचं आतलं अस्तर) जाड होतं, कूर्चा आणि हाड खाल्लं जातं. काही मॉडेलांत शेवटी दाह आपोआप शमतोही. या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या पेशी निर्णायक असतात. ज्या मॉडेलने पहिला टप्पा वगळला आहे, त्यात टी पेशी अनावश्यक ठरणारच. तो निसर्गाचा शोध नाही, मॉडेलच्या बांधणीचा परिणाम आहे.

तुमचं कोलॅजेनचं मॉडेल या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत आहे, कारण त्यात जवळजवळ सगळे टप्पे आहेत. १९७७ मध्ये ट्रेंथम, टाउन्स आणि कांग यांनी ते रॅटमध्ये दाखवलं, १९८० मध्ये ते उंदरांत आलं. डीबीए/१ जातीच्या उंदराला कूर्चेतलं टाइप-२ कोलॅजेन फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडजुव्हंटमध्ये (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या मिश्रणात) घोटून शेपटीच्या मुळाशी देतात, साधारण २१ व्या दिवशी पुन्हा मात्रा देतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत पंजे सुजू लागतात. डीबीए/१ च का? कारण त्यांचा एमएचसी (टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारे रेणू) प्रकार एच-२क्यू आहे आणि त्यातला एक्यू रेणू कोलॅजेनच्या २५६ ते २७० या पट्ट्यातला तुकडा धरून टी पेशींना दाखवतो. माणसातला एचएलए-डीआर४ हा एमएचसी रेणू जवळपास हाच पट्टा दाखवतो, आणि ज्या उंदरांत तो मानवी रेणू घातला आहे त्यांनाही हा आजार होतो. एमएचसीवर इतकं अवलंबून असणं हा सीडी४ टी पेशींच्या (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींच्या) सहभागाचा भक्कम पुरावा आहे.

पण त्या पेशी कधी लागतात ते पाहा. सीडी४ विरोधी प्रतिपिंड लसीकरणाच्या सुमारास दिलं तर आजार टळतो. पंजे सुजल्यावर दिलं तर फारसा फरक पडत नाही, हे १९८५ मध्येच दिसलं होतं. माणसांत सीडी४ पेशी कमी करण्याचे उपचार १९९० च्या दशकात तपासले गेले आणि निराशा पदरी आली. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा पहिला टप्पा केव्हाच मागे पडलेला असतो, हे एक कारण. मात्र यावरून माणसात टी पेशींची भूमिका संपली असं समजणं घाईचं ठरेल. टी पेशींना मिळणारा दुसरा इशारा रोखणारं अ‍ॅबॅटासेप्ट प्रस्थापित आजारातही उपयोगी पडतं. पेशी मारून टाकणं आणि तिचं इतर पेशींशी चाललेलं संभाषण थांबवणं, या दोन हस्तक्षेपांचे परिणाम वेगळे असतात.

बी पेशींचा पुरावा आणखी सरळ आहे. बी पेशीच नसलेल्या उंदरांत कोलॅजेनविरुद्ध टी पेशींचा प्रतिसाद तयार होतो, तरी सांधे सुजत नाहीत. उलट आजारी उंदराच्या सीरममधली प्रतिपिंडं निरोगी उंदराला दिली की दाह उमटतो. माणसात बी पेशी काढून टाकणाऱ्या रिटक्सिमॅबने ऱ्हुमॅटॉइड संधिवात आटोक्यात येतो हे २००४ मध्ये नियंत्रित चाचणीत दिसलं, तेव्हा या जुन्या प्रयोगांना नवी किंमत आली. तरीही बी पेशी म्हणजे नुसता प्रतिपिंडांचा कारखाना नव्हे. त्यांतल्या काही आयएल-१० (पेशींमधला एक निरोप्या रेणू) सोडून दाह दाबतात. अशा पेशी कोलॅजेन मॉडेलच्या उंदरांना बाहेरून दिल्या तर आजार सौम्य होतो, हे २००३ मध्ये माउरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणून सरसकट बी पेशी काढल्याचा परिणाम काढण्याच्या वेळेवर अवलंबून राहतो.

आता न्यूट्रोफिल. त्यांच्याबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान के/बीएक्सएन मॉडेलमधून आलं आहे, आणि ते मॉडेल कसं सापडलं ते जाणून घेण्यासारखं आहे. एका विशिष्ट टी पेशी रिसेप्टरचं जनुक घातलेले उंदीर एनओडी जातीच्या उंदरांशी संकरित केले, तर पिल्लांना साधारण चार आठवड्यांच्या वयात आपोआप तीव्र संधिवात झाला. हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. तो रिसेप्टर मुळात गायीच्या एका रायबोन्युक्लिएझसाठी निवडलेला होता, सांध्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तीन वर्षांनी कळलं की एनओडीकडून आलेल्या एमएचसी रेणूसोबत तो ग्लुकोज-६-फॉस्फेट आयसोमरेझला ओळखतो. हे विकर शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. मग हल्ला फक्त सांध्यांवर का? कारण ते कूर्चेच्या पृष्ठभागावर साचतं. तिथे प्रतिपिंडं बसतात, आणि कूर्चेच्या त्या पृष्ठभागावर पूरकप्रणालीला (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीला) आवर घालणारे पेशीवरचे रेणू नसल्याने ती प्रणाली बेलगाम चालते. शरीरभर पसरलेल्या प्रथिनाविरुद्धचा प्रतिसाद एका अवयवात कसा एकवटतो, याचं इतकं सुंदर उत्तर मला दुसऱ्या कुठल्या मॉडेलमध्ये दिसलेलं नाही.

या उंदरांचं सीरम दुसऱ्या जातीच्या निरोगी उंदराला टोचलं की दोन-तीन दिवसांत पंजे सुजतात. घेणाऱ्या उंदरात टी आणि बी पेशी नसल्या तरी सुजतात. सी५ हा पूरक घटक नसलेल्या जातींमध्ये मात्र नाही. प्रतिपिंड पकडणारा एफसी-गॅमा-आर-३ रिसेप्टर नसलेल्या उंदरांतही आजार फारच मंद राहतो. आणि २००१ मध्ये वाइपके व अ‍ॅलन यांनी दाखवलं की न्यूट्रोफिल काढले तर आजार सुरूच होत नाही. सुरू झाल्यावर काही दिवसांत काढले तरी मागे सरतो. तुमचा निकाल याच्याशी जुळतो.

त्यानंतरच्या दशकात या साखळीच्या कड्या एकेक करून उलगडल्या. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांची गुंफण होते, सी५ पासून सी५ए तयार होतं, न्यूट्रोफिल ल्यूकोट्रायीन बी४ हा दाहक रेणू सोडतात, ते त्यांच्याच बीएलटी-१ रिसेप्टरवर काम करून आणखी न्यूट्रोफिल ओढून आणतं, आत शिरलेले न्यूट्रोफिल आयएल-१ सोडतात, आणि त्याला प्रतिसाद म्हणून सांध्यातल्या पेशी केमोकाइन (पेशींना बोलावणारे रेणू) सोडून पुढची लाट आणतात. यातला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ल्यूकोट्रायीन बी४ बनवू न शकणारे उंदीर या आजाराला दाद देत नाहीत. पण त्यांना सामान्य उंदरांचे न्यूट्रोफिल दिले की आजार परततो. पेशी काढणं हा अर्धा पुरावा, ती परत देऊन आजार परत आणणं हा उरलेला अर्धा. तुमच्या प्रयोगात हा दुसरा अर्धा अजून व्हायचा आहे.

न्यूट्रोफिलची दुसरी बाजू रॅटमधून समोर आली, आणि माझ्या मते ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. डीए जातीच्या रॅटना प्रिस्टेन हे तेल टोचलं की दीर्घकालीन संधिवात होतो. कोणत्या जनुकामुळे तो तीव्र होतो याचा शोध घेताना २००३ मध्ये एनसीएफ-१ सापडलं. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज जंतू मारायला ज्या प्राणवायूच्या क्रियाशील रेणूंचा मारा करतात, तो करणाऱ्या यंत्रणेचा हा एक घटक. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा मारा सांधे जाळतो, म्हणून तो कमी असला तर आजार सौम्य हवा होता. निघालं उलट: मारा जितका कमी, आजार तितका तीव्र. उंदरांतही एनसीएफ-१ बिघडवलं की कोलॅजेन संधिवात वाढला, आणि ते जनुक फक्त मॅक्रोफेजमध्ये परत घातलं तरी संरक्षण परतलं. हे रेणू टी पेशींच्या प्रतिसादालाही लगाम घालतात. म्हणून "न्यूट्रोफिल दाह करतात, म्हणजे त्यांची सगळी शस्त्रं दाह करतात" हे समीकरण सोडून द्या.

मास्ट पेशींची कथा सावधगिरीचा धडा म्हणून वाचावी. २००२ मध्ये दिसलं की मास्ट पेशी नसलेले डब्ल्यू/डब्ल्यूव्ही उंदीर के/बीएक्सएन सीरमला दाद देत नाहीत, आणि मास्ट पेशी परत दिल्या की आजार होतो. पुरावा भक्कम वाटत होता. पण त्या उंदरांत किट जनुकाचा दोष असतो. त्याने मास्ट पेशींबरोबर रक्तपेशींच्या इतर शाखाही बिघडतात, न्यूट्रोफिलसुद्धा कमी असतात. २०११ मध्ये किटला हात न लावता मास्ट पेशी काढलेले उंदीर तयार झाले आणि त्यांना तोच आजार नेहमीसारखा झाला. मास्ट पेशी काही परिस्थितीत दाहाला सुरुवातीचा धक्का देत असतील, पण त्या अपरिहार्य आहेत हे विधान टिकलं नाही.

मॅक्रोफेजबद्दल तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्रच बदललं. पूर्वी क्लोड्रोनेट हे औषध भरलेले लायपोसोम (सूक्ष्म पिशव्या) टोचायचे, मॅक्रोफेज मरायचे, सूज उतरायची, आणि मॅक्रोफेज दाह करतात असा निष्कर्ष निघायचा. पण क्लोड्रोनेट रक्तातले मोनोसाइटही मारतं आणि सांध्यात कायम राहणाऱ्या मॅक्रोफेजनाही पोचू शकतं, आणि या दोन गटांचं काम परस्परविरोधी आहे. के/बीएक्सएन सीरम दिल्यावर आजार उभा करायला रक्तातून येणारे, एलवाय६सी कमी असलेले मोनोसाइट लागतात, असं २०१४ च्या कामातून पुढे आलं. उलट २०१९ मध्ये कुलमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सायनोव्हियमच्या अगदी आतल्या कडेला सीएक्स३सीआर१ असलेल्या स्थानिक मॅक्रोफेजचा एक थर असतो. एरवी आवरण-पेशींमध्ये दिसणाऱ्या घट्ट सांधणीने त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तो थर सांध्याच्या पोकळीभोवती तटबंदीसारखा उभा असतो, आणि तो नष्ट केला तर आजार लवकर पेटतो. माणसातही उपशमनात असलेल्या रुग्णांच्या सायनोव्हियममध्ये मर्टिके आणि ट्रेम-२ हे रेणू दाखवणारे मॅक्रोफेज ठळकपणे आढळतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे नुसतं "मॅक्रोफेज कमी केले" असं लिहिलेला निकाल मी आता वाचून बाजूला ठेवतो. कोणते मॅक्रोफेज, ते समजल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

टी पेशींकडे परत यायला हवं, कारण त्यांच्यातला सगळ्यात मोठा गोंधळ प्राणी-मॉडेलांनीच निर्माण केला आणि त्यांनीच सोडवला. १९९० च्या दशकात संधिवात हा टीएच-१ पेशींचा (टी पेशींच्या एका उपप्रकाराचा) आजार मानला जाई. आयएल-१२ चा पी४० हा भाग नसलेले उंदीर सुरक्षित राहत, म्हणजे आयएल-१२ आणि त्यातून येणारा इंटरफेरॉन-गॅमा दोषी. पण इंटरफेरॉन-गॅमाचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत कोलॅजेन संधिवात आणखी वाईट होई. दोन्ही निकाल खरे, आणि एकत्र बसत नव्हते. उलगडा २००३ मध्ये झाला. पी४० हा आयएल-१२ आणि आयएल-२३ या दोघांचा सामाईक भाग आहे. फक्त आयएल-२३ चा पी१९ काढला तर उंदीर सुरक्षित, फक्त आयएल-१२ चा पी३५ काढला तर आजार तीव्र. म्हणजे आजाराला लागत होतं आयएल-२३, आणि त्याच्या पाठीमागे आयएल-१७ सोडणाऱ्या टीएच-१७ पेशी. त्याच वर्षी आयएल-१७ नसलेल्या उंदरांत कोलॅजेन संधिवात मंदावतो हेही दिसलं.

मग माणसात आयएल-१७ रोखलं तर? सेक्युकिन्युमॅब सोरायसिसच्या संधिवातात आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये उत्तम चाललं, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र आधीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात आयएल-२३ रोखणाऱ्या औषधांनीही निराशाच केली. मला याचा अर्थ असा वाटतो: फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडजुव्हंटमध्ये मृत क्षयजंतू असतात आणि ते प्रतिसादाला टीएच-१७ कडे जोरात ढकलतात. म्हणजे मॉडेलमधलं टीएच-१७ चं वजन काही अंशी आपणच टोचलेलं असतं. शिवाय आयएल-२३ आणि टीएच-१७ यांचं एक काम सूज दिसण्याच्या आधीच होऊन जातं. २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की या पेशी प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींमधलं सायालिक आम्ल जोडणारं विकर दाबतात. प्रतिपिंडांवरचं सायालिक आम्ल कमी झालं की ती अधिक दाहक होतात. एकदा तशी प्रतिपिंडं रक्तात फिरू लागल्यावर आयएल-१७ रोखून ती परत शांत होणार नाहीत.

टीएच-१७ चा विषय निघाला की एसकेजी उंदरांचं नाव यायलाच हवं. सकागुची यांच्या गटाने २००३ मध्ये वर्णन केलेल्या या उंदरांत टी पेशींतल्या झॅप-७० या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. त्यामुळे थायमसमध्ये इशाऱ्याची तीव्रता कमी पडते आणि एरवी गाळल्या गेल्या असत्या अशा स्वप्रतिक्रियाशील टी पेशी बाहेर सुटतात. तरीही जंतुनियंत्रित स्वच्छ पिंजऱ्यांत हे उंदीर आजारी पडत नाहीत; बुरशीच्या भिंतीतलं झायमोसान किंवा बीटा-ग्लुकान दिलं की पडतात. आतड्यातल्या जंतूंचा प्रभाव के/बीएक्सएनमध्येही दिसतो: पूर्ण निर्जंतुक वातावरणात त्यांचा आजार मंद पडतो, आणि फक्त एक प्रकारचा धाग्यासारखा जंतू आतड्यात सोडला की टीएच-१७ पेशींमार्फत परत उसळतो. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नसतील तर प्रतिपिंडांच्या बॅचवर शंका घेण्याआधी उंदीर कुठून आले आणि त्यांच्या आतड्यात काय होतं ते विचारा.

नियामक टी पेशींबद्दल थोडक्यात: सीडी२५ विरोधी प्रतिपिंडाने त्या कमी केल्या तर कोलॅजेन संधिवात वाढतो, म्हणजे त्या आवर घालतात. पण दाहाच्या जागी त्यांतल्या काही फॉक्सपी३ (त्यांची ओळख टिकवणारं प्रथिन) गमावून टीएच-१७ सारख्या होतात आणि हाडाचं नुकसान वाढवतात, असं २०१४ च्या कामात दिसलं. पेशीचं नाव कायमचं नसतं, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कारण हाडाचा विषय स्वतंत्र आहे, आणि तुम्ही फक्त सूज मोजली आहे. ऑस्टिओक्लास्ट (हाड खाणाऱ्या पेशी) बनायला लागणारा आरएएनकेएल रेणू नसलेल्या उंदरांना के/बीएक्सएन सीरम दिलं तेव्हा दाह सामान्य उंदरांइतकाच झाला, हाडाची झीज मात्र फारच कमी. ऑस्टिओक्लास्ट बनवूच न शकणाऱ्या, टीएनएफ (दाह पेटवणारा निरोप्या रेणू) जास्त असलेल्या उंदरांतही तेच: सायनोव्हियम सुजलेलं, हाड शाबूत. सूज आणि झीज यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. रुग्णाला कायमचं अपंगत्व येतं ते झिजेमुळे. म्हणून प्रत्येक पंजाला ० ते ४ असे गुण देऊन १६ पैकी बेरीज केली की काम झालं असं समजू नका. मायक्रो-सीटी करा, ऑस्टिओक्लास्ट दाखवणारं ट्रॅप रंजन करा, कूर्चेसाठी सॅफ्रॅनिन-ओ करा. न्यूट्रोफिल काढून सूज उतरली आणि हाड तरीही झिजलं, तर तुमचा शोधनिबंध पूर्ण वेगळा होईल.

आणि या सगळ्या रोगप्रतिकारक पेशींना बगल देणारंही एक मॉडेल आहे. १९९१ मध्ये कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफ जास्त बनवणारे टीजी१९७ उंदीर तयार केले. त्यांना आपोआप, झीज करणारा संधिवात होतो. टीएनएफ जास्त बनवणाऱ्या अशा उंदरांत पक्व टी आणि बी पेशी नसल्या तरी संधिवात होतो, आणि टीएनएफचा पहिला रिसेप्टर फक्त सायनोव्हियल फायब्रोब्लास्टसारख्या मीसेन्काइमल पेशींवर असला तरी तो पुरतो. रोगप्रतिकारक पेशी ठिणगी टाकतात, पण आग पुढे फायब्रोब्लास्टही जिवंत ठेवू शकतात. दुसरीकडे, १९९२ मध्ये कोलॅजेन मॉडेलमध्ये आजार दिसू लागल्यावर टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं आणि सूज व झीज दोन्ही कमी झाली. याच वाटेने माणसातले टीएनएफविरोधी उपचार आले आणि लाखो रुग्णांचं आयुष्य बदललं. प्राणी-मॉडेलांवर टीका करताना हे यश मी कधीच विसरू देत नाही. ते यशस्वी का झालं याचं एक कारण त्या प्रयोगाच्या आखणीत आहे: औषध आजार सुरू झाल्यावर दिलं होतं.

आता तुमच्या पुढच्या प्रयोगाबद्दल. सहनशीलता कशी मोडते किंवा टी-बी पेशींची मदत कशी होते हे पाहायचं असेल तर कोलॅजेन मॉडेल किंवा मूळ के/बीएक्सएन उंदीर घ्या. फक्त प्रतिपिंडांनंतरचा टप्पा हवा असेल तर सीरम हस्तांतरण, किंवा कोलॅजेनविरोधी प्रतिपिंडांचं मिश्रण टोचण्याचं मॉडेल. या दुसऱ्या प्रकारात तिसऱ्या दिवसाच्या सुमारास एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतला रेणू) देतात आणि एलपीएस स्वतःच न्यूट्रोफिल जागे करतं, त्यामुळे फक्त एलपीएस दिलेला नियंत्रण गट नसेल तर न्यूट्रोफिलबद्दल काही बोलू नका. जंतू आणि टीएच-१७ यांच्यासाठी एसकेजी, फायब्रोब्लास्ट आणि झीज यांच्यासाठी टीजी१९७. दाह आपोआप कसा शमतो हा तुमचा प्रश्न असेल तर सीरम हस्तांतरण पुन्हा उपयोगी, कारण त्यात सूज काही आठवड्यांत ओसरते. त्या ओसरण्यात दुसऱ्या प्रकारच्या जन्मजात लसिका पेशींचा आणि इओसिनोफिलचा वाटा असल्याचे पुरावे आहेत, आणि पुढच्या काही वर्षांत सर्वांत रंजक काम तिथेच होईल असं मला वाटतं.

माणसाच्या आजारातला एक भाग यांपैकी कुठलंच मॉडेल नीट पकडत नाही. अनेक रुग्णांत सिट्रुलिनयुक्त (रासायनिक बदल झालेल्या) प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात असतात. तो दीर्घ, मूक काळ उंदराच्या तीन-चार आठवड्यांत बसत नाही, आणि उंदरांत ती प्रतिपिंडं सातत्याने सापडतही नाहीत.

तुमच्याच मॉडेलमध्ये राहणार असाल तर मी असं करेन. १ए८ वापरून न्यूट्रोफिल तीन वेगळ्या वेळी काढा: पहिल्या मात्रेच्या आसपास, दुसऱ्या मात्रेनंतर पण सूज यायच्या आधी, आणि सूज आल्यावर. प्रत्येक वेळी कोलॅजेनविरोधी आयजीजी मोजा, त्यातलं आयजीजी-२ए वेगळं मोजा. प्रतिपिंडं तेवढीच राहून सूज उतरली तर परिणाम सांध्यातल्या टप्प्यावर आहे. प्रतिपिंडंच घटली तर न्यूट्रोफिल कमी झाल्याने आधीच्या टप्प्यावर काहीतरी हललं आहे. किती उंदीर आजारी पडले, कोणत्या दिवशी पडले आणि किती तीव्र, हे तीन आकडे वेगळे मांडा. सरासरी गुणांत ते एकमेकांत मिसळून जातात. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. गट पिंजऱ्यांप्रमाणे पाडू नका, प्रत्येक पिंजऱ्यात सगळे गट मिसळा, कारण डीबीए/१ चे नर भांडतात आणि चावलेला पंजा सुजलेल्या पंजासारखा दिसतो. सुजलेल्या पंजाचा उंदीर वेदनेत असतो, म्हणून वेदनाशामक आणि प्रयोग थांबवण्याची मर्यादा आधीच लिहून ठेवा. पण दाहावर काम करणारं वेदनाशामक निवडलंत तर तुम्ही मोजताय तोच परिणाम झाकला जाईल, तेव्हा ती निवड पशुवैद्यकासोबत बसून करा.

सध्याच्या निकालावर निबंधात एवढंच लिहा: कोलॅजेन मॉडेलमध्ये जीआर-१ दाखवणाऱ्या पेशी दिलेल्या काळात कमी केल्याने पंजांची सूज घटली. "न्यूट्रोफिल" हा शब्द १ए८ चे आकडे आल्यावर घाला, आणि "आवश्यक" हा शब्द पेशी परत देऊन पाहिल्यावर.